न दिसणाऱ्याची मोजणी

पाण्याने भरलेला एक पेला समोर ठेवा आणि थोडा वेळ नुसतं त्याच्याकडे बघा.

साधारण दोनशे मिलिलिटर पाणी. त्यात हायड्रोजनचे जेवढे अणू आहेत, त्यांत दर सहा हजार चारशे अणूंमागे सुमारे एक अणू वेगळा आहे. त्याच्या केंद्रकात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉनही आहे, म्हणून तो दुप्पट जड. हे ड्युटेरियम. हॅरल्ड युरी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३१ साली ते शोधलं आणि १९३४ चं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं. पेल्यातलं सगळं ड्युटेरियम वेगळं काढलं तर सात मिलिग्रॅमच्या आसपास भरेल.

ते आलं कुठून, यावर मन जरा स्थिर करा. पाण्यातला ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात घडला. ड्युटेरियमचं तसं नाही. ताऱ्यांच्या गाभ्यात ते तयार झालं तरी काही सेकंदांत खर्ची पडतं. आज जे ड्युटेरियम आहे ते जवळजवळ सगळं विश्वाच्या सुरुवातीच्या पहिल्या काही मिनिटांत घडलेलं आहे. म्हणजे पेल्यातले ते सात मिलिग्रॅम सूर्याहून जुने, आकाशगंगेहूनही जुने. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात असं ड्युटेरियम दोन ग्रॅमच्या आसपास असतं. तुम्ही आत्ता ज्या आसनावर बसला आहात, तिथे ते तुमच्याबरोबर बसलेलं आहे.

हे ड्युटेरियम घेऊन काही हौशी माणसं, विशेषतः अमेरिकेत, घराच्या गॅरेजात किंवा तळघरात एक यंत्र उभं करतात. त्याला फ्युजर म्हणतात. त्यात ड्युटेरियमची दोन केंद्रकं एकमेकांवर आदळून एकजीव होतात, म्हणजे त्यांचं संमीलन होतं, अगदी थोडं, पण खरोखर. २००८ साली नेवाडा राज्यातल्या टेलर विल्सन या मुलाने हे साधलं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. आज आपण या यंत्रापाशी मनाने जाऊन बसणार आहोत. हातांनी नाही, त्याची कारणं वाटेत येतील. आणि बसायचं ते एका प्रश्नासाठी: समोर जे दिसतं आहे तेच घडतं आहे, हे कळायचं कसं?

आधी पोकळीपाशी थांबू.

स्टेनलेस स्टीलचा एक पोकळ गोल डोळ्यांसमोर आणा, वीतभर व्यासाचा. त्याला नळ्या जोडलेल्या, एका बाजूला जाड काचेची छोटी खिडकी. आत सध्या हवा आहे, तुमच्या खोलीत आहे तशीच. तिच्या प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये अडीच लाख कोटी कोटी रेणू. त्या दाटीत कुठलाही रेणू एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकंही अंतर न अडता जाऊ शकत नाही. त्याआधीच तो दुसऱ्यावर आपटतो. अशा ठिकाणी केंद्रकाला वेग देणं अशक्य. म्हणून जागा रिकामी करायची.

पंप सुरू होतो. पहिला पंप खडबडीत काम करतो, तेलात फिरणारी पाती हवा बाहेर ढकलतात. मग दुसरा, टर्बो पंप. त्याची पाती मिनिटाला हजारो फेरे घेत रेणूंना एकेक करून बाहेरची वाट दाखवतात. बाहेरून वातावरण गोलाला दाबत असतं, दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार, वीस सेंटिमीटरच्या गोलावर सगळा मिळून तेराशे किलोंच्या आसपास. गोल काहीच बोलत नाही. फक्त आतला दाब दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा उतरत राहतो, आणि एका ठिकाणी येऊन अडतो.

या अडण्यावर मनन करण्यासारखं पुष्कळ आहे. हे यंत्र उभं करणाऱ्यांचे दिवस आणि महिने जातात ते बहुतेक इथेच. आकडा का अडला? कुठल्या तरी फ्लँजमधलं तांब्याचं गॅस्केट नीट दाबलं गेलं नसेल. बोल्ट एका बाजूने जास्त आवळले गेले असतील. किंवा गळती बाहेरून नसेलच: एखाद्या स्क्रूच्या आट्यांच्या तळाशी हवेचा थेंबभर साठा अडकून बसलेला असेल, आणि तो तासन्‌तास झिरपत राहील. पोलादाच्या आतल्या अंगाला पाण्याच्या वाफेचा थर चिकटलेला असतो. तो सुटायला गोल बाहेरून तापवावा लागतो. हातमोजा न घालता आतल्या भागाला बोट लागलं, तर त्या एका ठशातलं तेल पुढे कितीतरी वेळ वाफ सोडत राहतं.

म्हणजे बघा, बाहेरची हवा काढणं सोपं. जे भिंतींना चिकटून बसलं आहे ते काढायला वेळ लागतो. इथे कुठलीही युक्ती चालत नाही. सांध्यावर स्पिरिटचा फवारा मारायचा आणि आकडा हलतो का बघायचं, मग पुढचा सांधा. घाई करणाऱ्याला ही पोकळी मिळत नाही.

आणि मिळाली तरी ती किती पोकळ? आधी शक्य तितकी हवा काढतात, मग चिमूटभर ड्युटेरियम वायू आत सोडतात आणि दाब वातावरणाच्या एक लाखाव्या भागाजवळ ठेवतात. त्या 'रिकाम्या' जागेत दर घनसेंटिमीटरला अजूनही दोन कोटी कोटींहून अधिक रेणू आहेत. फक्त आता एकेकाला मिलिमीटरच्या हिशेबात मोकळी वाट मिळते. तेवढी पुरते. दोन कोटी कोटी ही संख्या मनात थोडा वेळ राहू द्या.

आता गोलाच्या मध्याकडे या. तिथे टंगस्टनच्या तारेची दोन-तीन कडी एकमेकांत बसवून केलेला एक छोटा पिंजरा टांगलेला आहे, लिंबाएवढा. पिंजरा म्हणावं तर आरपार उघडा. तारांपेक्षा मधली मोकळी जागाच जास्त. त्या पिंजऱ्याला ऋण विद्युतदाब दिला जातो, वीस हजार, तीस हजार, कधी चाळीस हजार व्होल्ट. बाहेरचा गोल अर्थिंगला जोडलेला. ड्युटेरियमचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात, उरलेली केंद्रकं धन भाराची, ती पिंजऱ्याकडे खेचली जातात. तीस हजार व्होल्टमधून पडलेलं केंद्रक सेकंदाला सुमारे १,७०० किलोमीटर वेगाने मध्यातून जातं. बहुतेक वेळा ते तारांना न लागता पलीकडे निघून जातं, पलीकडची चढण चढताना दमतं, थांबतं, परत आत पडतं. पुन्हा आणि पुन्हा.

ही कल्पना फायलो फार्न्सवर्थची. १९०६ साली युटा राज्यात शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने शाळकरी वयात आयडाहोतल्या शेतात काम करताना असा विचार केला, की चित्राचे ओळीओळींनी तुकडे करून ते विजेने पाठवता येईल. ७ सप्टेंबर १९२७ ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या छोट्या प्रयोगशाळेत त्याने तसं पहिलं चित्र पाठवलं: एक सरळ रेघ. इलेक्ट्रॉनिक दूरदर्शनची ती सुरुवात. पेटंटसाठी त्याला आरसीएसारख्या बलाढ्य कंपनीशी झगडावं लागलं. निर्वात नळ्यांवर काम करताना काही नळ्यांच्या मधोमध, कशालाही न टेकता, उजेडाचा एक ठिपका तरंगत असल्याचं त्याला दिसलं, असं सांगतात. भारित कण भिंतींपासून दूर, मोकळ्या जागेत गोळा करून धरता येतात, हे त्याच्या मनात राहिलं. पुढे इंडियानातल्या फोर्ट वेन इथे, आयटीटी या कंपनीत असताना, त्याने त्यातून संमीलनाचं यंत्र उभं केलं. पेटंट १९६६ साली मिळालं. त्याचा तरुण सहकारी रॉबर्ट हर्श याने रचना सुधारून १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मग कंपनीने पैसा थांबवला आणि १९७१ साली फार्न्सवर्थ गेला. जगाने त्याला विसरावं इतकी त्याची कामगिरी लहान नव्हती, तरी विसरलं. त्याचं यंत्र जिवंत ठेवलं ते हौशी माणसांनी.

विद्युतदाब हळूहळू वाढवा, मनातच.

काचेपलीकडे आधी धूसर उजेड येतो. मग तो आवळत जातो, जांभळट, गुलाबी छटेचा, आणि पिंजऱ्याच्या मध्याशी एक तेजस्वी ठिपका उभा राहतो. तारांच्या मधल्या मोकळ्या जागांतून त्याचे किरण बाहेर निघतात. हौशी लोक या अवस्थेला 'स्टार मोड' म्हणतात. टंगस्टनच्या तारा लाल होतात. हे दृश्य फार सुंदर असतं, आणि कुणालाही वाटावं, की झालं, तारा पेटला.

इथे थांबा. या उजेडाकडे सावकाश बघा आणि स्वतःला विचारा: हा उजेड कशाचा?

हा उजेड वायूच्या अणूंचा आहे. विजेचा धक्का बसलेले इलेक्ट्रॉन जागेवर परतताना जो प्रकाश देतात तो. दुकानांच्या निऑन पाट्यांत हेच घडतं. ड्युटेरियम न घालता नुसती उरलीसुरली हवा ठेवली तरी ठिपका असाच उभा राहतो, किरण असेच निघतात, फोटोही तितकाच देखणा येतो. आणि संमीलन शून्य. जिथे संमीलन घडतं आहे तिथेही त्या उजेडात संमीलनाचा वाटा जवळपास काहीच नसतो. दोन केंद्रकं एकजीव झाली याची डोळ्यांना दिसेल अशी कुठलीही खूण नाही. आवाज नाही. ऊब जाणवेल म्हणावं तर तीही नाही. गोल तापतो तो भरलेल्या विजेने.

म्हणून यंत्र बांधणाऱ्यांच्या जगात एक शिस्त आहे, आणि मला या सगळ्या खटाटोपात तीच सर्वांत मोलाची वाटते. उजेडाचा फोटो दाखवणाऱ्याला कुणी संमीलन केलं असं म्हणत नाही. न्यूट्रॉन दाखवा, म्हणतात.

कारण असं. ड्युटेरियमची दोन केंद्रकं एकजीव झाली की दोनपैकी एक गोष्ट होते, आणि दोन्हींची शक्यता जवळपास सारखी. एकीत ट्रिटियम आणि प्रोटॉन तयार होतात; ते पोलादातच जिरतात. दुसरीत हेलियम-३ आणि एक न्यूट्रॉन. हा न्यूट्रॉन २.४५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा घेऊन निघतो. त्याला भार नसतो, त्यामुळे पोलाद त्याला अडवू शकत नाही. बाहेर येणारी बातमी ती एवढीच.

ती ऐकायची कशी? न्यूट्रॉन वेगात असतो तेव्हा मोजण्याच्या उपकरणाला तो सहसा सापडत नाही. म्हणून मेणाचा किंवा जाड प्लास्टिकचा ठोकळा मध्ये ठेवतात. त्यातल्या हायड्रोजनवर आपटत आपटत न्यूट्रॉन मंदावतो, मग हेलियम-३ भरलेल्या नळीत शिरून एक स्पंद उमटवतो. किंवा चांदीचा पत्रा ठेवतात: चांदीने न्यूट्रॉन गिळला की ती थोडा वेळ किरणोत्सारी होते, आणि तिचा एक भाग सुमारे अडीच मिनिटांत निम्मा विरतो. यंत्र बंद करून पत्रा दूर नेला, तरी तो मोजणीत उतरत राहतो. विजेच्या गोंगाटाने काटा उगाच हलला असता तर पत्र्यात काही उरलं नसतं. मला ही पद्धत फार आवडते. वस्तू स्वतःच साक्ष देते, आणि ज्या वेगाने विरते त्यावरून साक्ष खरी आहे हेही सांगते.

ही शिस्त फुकट आलेली नाही. जानेवारी १९५८ मध्ये इंग्लंडात हार्वेलच्या झेटा यंत्रात तप्त वायूतून संमीलन साधल्याची घोषणा झाली. वृत्तपत्रांनी ती उचलून धरली. न्यूट्रॉन खरेच होते, पण नीट तपासल्यावर दिसलं, की ते वायूच्या सर्वसाधारण उष्णतेतून आलेले नाहीत, वायूतल्या अस्थिरतेने काही केंद्रकांना झटका देऊन पळवल्यामुळे आलेले आहेत. काही महिन्यांत दावा मागे घ्यावा लागला. मार्च १९८९ मध्ये युटात दोन रसायनशास्त्रज्ञांनी साध्या तापमानाला संमीलन झाल्याचं जाहीर केलं. दाव्याप्रमाणे जेवढे न्यूट्रॉन हवेत त्यांच्या जवळपासही कुणाला सापडले नाहीत. ही माणसं खोटी नव्हती. झालेलं असावं ही इच्छा प्रबळ होती, आणि मोजणी तिच्या मागे राहिली. इच्छा प्रबळ असते तेव्हा मन काय काय पाहतं, हे आपण प्रत्येकाने आपल्यात बघावं. थोडा वेळ घ्या त्यासाठी.

आता आकडे. चांगल्या घरगुती फ्युजरमधून सेकंदाला काही लाख, फार तर दहा लाखांच्या आसपास न्यूट्रॉन निघतात. दहा लाख ऐकून मोठं वाटतं. त्यामागची सगळी ऊर्जा जोडली तर सुमारे एक वॉटचा दहा लाखावा भाग. यंत्राला दिलेली वीज? तीस हजार व्होल्ट आणि दहा मिलिअँपिअर धरा: तीनशे वॉट. म्हणजे जेवढं घातलं त्याच्या तीस कोटींतला एक हिस्सा. वीज निर्माण करण्याचं हे साधन नाही, आणि थोडी सुधारणा करून ते तसं होईल अशीही आशा दिसत नाही. केंद्रकं एकजीव होण्यापेक्षा एकमेकांना चाटून भरकटण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त असते, आणि जी भरकटत नाहीत त्यांतली बरीच तारांवर आपटून संपतात.

याला कुणी 'बरणीतला सूर्य' म्हणतात. मला ते पटत नाही, कारण त्यात सूर्यावर अन्याय होतो. तीस हजार व्होल्टचा वेग तापमानाच्या भाषेत सांगायचा तर पस्तीस कोटी अंशांच्या आसपास जातो. सूर्याचा गाभा अवघा दीड कोटी अंश. पण सूर्य ड्युटेरियमवर जगत नाही. तो साध्या प्रोटॉनवर जगतो, आणि दोन प्रोटॉनांचं जुळणं इतकं दुर्मीळ आहे, की गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षं वाट पाहावी लागते.

तुमच्या श्वासाकडे लक्ष द्या. छातीतली ऊब जाणवू द्या. शांत बसलेलं माणसाचं शरीर सुमारे शंभर वॉट उष्णता देतं. आकारमानाच्या हिशेबाने सूर्याच्या गाभ्यात घनमीटरमागे पावणेतीनशे वॉटच्या आसपास ऊर्जा निर्माण होते, तुमच्या शरीरात त्याच्या सुमारे पाचपट. सूर्य तेजस्वी आहे तो अफाट आहे म्हणून. त्याची आंच अतिशय मंद आहे, आणि ती मंद आहे म्हणूनच साडेचार अब्ज वर्षं टिकली, आणि खाली पृथ्वीवर जे काही घडायचं ते घडायला वेळ मिळाला.

माणसाला मात्र ही ऊर्जा लवकर हवी असते. १९५५ साली जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, अध्यक्ष होते मुंबईचे होमी भाभा. पुढच्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याचा मार्ग सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथे केलं. दोन दशकं गेली, पुढची पाच गेली. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा घालून संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. तो लेझर चालवायला लागलेली वीज त्याच्या कितीतरी पट होती. भाभांच्या आशेला मी चूक म्हणणार नाही. अशी आशा धरल्याशिवाय कुणी गांधीनगरला 'आदित्य' हे संमीलनाच्या संशोधनाचं यंत्र उभारलं नसतं.

ड्युटेरियम आपल्याकडेही परकं नाही. अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे. शेजारच्या खत कारखान्याच्या वायूतून तिथे ड्युटेरियम वेगळं काढतात. पण घरी फ्युजर बांधण्याचा विचार कुणी तरुण वाचक करत असेल, तर त्याला मी कळकळीने सांगेन. तीस हजार व्होल्टचा हा पुरवठा एका स्पर्शात जीव घेतो, दुसरी संधी देत नाही. याच विद्युतदाबाने क्ष-किरण निर्माण होतात. पोलाद त्यांना बरंच अडवतं, काचेची खिडकी तेवढं अडवत नाही, म्हणून जाणकार खिडकीला कधी डोळा लावत नाहीत, कॅमेऱ्यातून बघतात. भारतात किरणोत्सर्ग निर्माण करणारी उपकरणं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली येतात, आणि ते योग्यच आहे. पोकळीचं काम, मोजणीचं काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जाणत्या शिक्षकाशेजारी उभं राहून शिकता येतं. सुरुवात तिथून करावी.

परत यंत्रापाशी येऊ. शेवटचं काम राहिलं आहे.

विद्युतदाब शून्यावर आणा. ठिपका विझतो. वायूची तोटी बंद करा. लांब दांडीच्या टोकाला अर्थिंगची तार लावून पिंजऱ्याची जोडणी तिने टेकवा, म्हणजे कुठे दडून बसलेला भार निघून जाईल. पंप चालू राहू द्या. आणि मोजणीची नळी बंद करू नका.

ती अजून मोजते आहे. थांबत थांबत एखादा स्पंद येतो. हे न्यूट्रॉन यंत्राचे नाहीत. दूरच्या अवकाशातून आलेले वैश्विक किरण वातावरणावर आदळतात, त्यातून सुटलेले न्यूट्रॉन रात्रंदिवस जमिनीवर पडत असतात. तुमच्या घरात, तुमच्यावर, त्या पाण्याच्या पेल्यावर. आजवर तुम्हाला त्यांची चाहूल कधी लागली नाही. यंत्र चालू असताना जेवढा वेळ मोजलं, तेवढाच वेळ आता बंद यंत्रापाशी बसून मोजायचं आहे. हा आकडा वहीत आधीच्या आकड्याशेजारी लिहायचा, त्यातून वजा करायचा, आणि जे उरेल तेवढ्यावरच आपला हक्क सांगायचा.